बचत गट कसा सुरू करावा आणि चालवावा

गटात 10 ते 20 जणी चालतात. माझ्या मते सुरुवातीला बारा पुरे. एकाच वाडीतल्या, साधारण सारख्या परिस्थितीच्या, आणि एका घरातली एकच बाई. गावात व्याजाने पैसे फिरवणारी कितीही प्रेमळ असली तरी गटात नको.

पहिल्या बैठकीत नाव, बैठकीचा वार, दंड आणि बचतीची रक्कम ठरवा. जिची ऐपत सगळ्यात कमी, तिला झेपेल तीच रक्कम. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष निवडा, ठराव लिहा आणि बँकेत गटाच्या नावाने खातं काढा. पैसे काढायला दोघींच्या सह्या लागतील असं लिहून द्या.

बैठकीत पैसे सगळ्यांसमोर मोजायचे, आकडा मोठ्याने वाचायचा, प्रत्येकीच्या पासबुकात तिथल्या तिथे नोंद. "घरी जाऊन लिहिते" हे चालवून घेऊ नका. बहुतेक भांडणं तिथूनच सुरू होतात.

खरी कसोटी अंतर्गत कर्जाची. बारा जणी महिना 100 रुपये टाकत असतील तर सहा महिन्यांत 7,200 जमतात. आता एकीला दवाखान्यासाठी 4,000 हवेत, दुसरीला शेळीसाठी 6,000. दोघींना पुरणार नाहीत. दोघींनाही स्वतःच्या तोंडून गरज सांगू द्या: पैसे कशाला, हप्ता कुठून येणार, कधीपर्यंत फिटेल. मग प्रत्येकीचं मत घ्या आणि अध्यक्षांनी सगळ्यात शेवटी बोलावं. त्या आधी बोलल्या की बाकीच्या नुसत्या माना डोलावतात. निर्णय कारणासकट इतिवृत्तात लिहा. दवाखान्याला आधी दिलं, तर शेळीवालीचा नंबर पुढचा, हेही लिहा. महिना शेकडा दोन दराने 4,000 वर पहिल्या महिन्याचं व्याज 80 रुपये, आणि ते गटाच्याच पेटीत पडतं.

कुणाचा हप्ता थकला तर गटातल्या दोघींनी तिच्या घरी जाऊन कारण विचारावं. चारचौघांत पाणउतारा केला की ती पुढच्या बैठकीलाच येत नाही. अडचण खरी असेल तर हप्ते लहान करून नवी तारीख लिहा.

सहा महिने असं चाललं की बँकेकडे कर्ज मागता येतं. नाबार्डने (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक) 1992 मध्ये गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. बँक बचतीबरोबर पंचसूत्री बघते: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब. गावात उमेदची (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळ) कार्यकर्ती असेल तर कागदपत्रांना तिची मदत घ्या. बँकेचं कर्ज मात्र सगळ्यांच्या जबाबदारीवर येतं, म्हणून कुणाला किती आणि कशासाठी हे सही करण्याआधीच्या बैठकीत ठरवा.