वारीत पोलीस कुठवर सोबत असतात आणि कुठून पुढे आपलं आपण बघायचं

पहिल्यांदा वारीला निघालेल्या बायका मला विचारतात की ताई एवढ्या गर्दीत भीती नाही का वाटत, आणि मी सांगते की गर्दीत नाही वाटत गं, गर्दी विरळ होते तिथे वाटते. टाळ-मृदंग चालू आहे, पुढेमागे दिंड्या आहेत, चौकाचौकात पोलीस उभा आहे, तिथे गेलंच तर पाकीट जातं. काळजी घ्यायची ती पहाटे अंधारात पालखीच्या पुढे निघून जाताना, पालखी गेल्यावर मागे रेंगाळताना आणि पंढरपुरातून परत येताना. म्हणून हे लिहायला घेतलं, ज्याला जे उपयोगी वाटेल ते घ्या.

आधी बंदोबस्त कसा चालतो ते समजून घ्या. आळंदी येते पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात, पुढे पुणे शहर, दिवेघाट चढून सासवडकडे आलात की पुणे ग्रामीण, नीरा नदी ओलांडली की सातारा, आणि धर्मपुरीपासून सोलापूर ग्रामीण. म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालणारा माणूस पाच वेगवेगळ्या पोलीस दलांच्या हद्दीतून जातो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. बंदोबस्त त्या त्या हद्दीचा असला तरी तो असतो पालखीभोवती, तुमच्याभोवती नाही. पालखीचा रथ पुढे सरकला, शेवटची दिंडी गेली की बॅरिकेड उचलतात, अडवलेल्या गाड्या सोडतात, आणि तासन्‌तास खोळंबलेले ड्रायव्हर मग सुसाट सुटतात. त्यामुळे रथ आत्ता कुठे आहे आणि आपण त्याच्या पुढे आहोत की मागे, एवढं कायम डोक्यात ठेवायचं.

निघायच्या आधी काय करायचं ते सांगते. शक्यतो एखाद्या दिंडीत नाव लावा, भिशी म्हणजे जेवणखाण्याचे पैसे भरा आणि रीतसर त्यांच्यात चाला. मोकळं चालण्यात मजा आहे हे मलाही माहितीये पण मोकळा माणूस रात्री मुक्कामाच्या तळावर पोचला नाही तर त्याला शोधणारं कोणी नसतं, दिंडीत निदान जेवायच्या पंगतीला तरी कळतं की अमुक मावशी आल्या नाहीत. नाव लावलं की एका जाड कागदावर चार गोष्टी लिहून घ्या, दिंडीचा नंबर, ती रथापुढची की रथामागची, दिंडीचालकाचा मोबाईल आणि सामानाच्या ट्रकचा नंबर. यातलं रथापुढे की रथामागे हे लोक हमखास विसरतात. तोच नंबर रथापुढेही असतो आणि रथामागेही असतो, आणि चुकलेली म्हातारी नुसतं पंधरा नंबर म्हणत राहिली तर पोलिसाने करायचं काय? कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गळ्यात अडकवा किंवा आतल्या खिशात ठेवा, पाऊस येतो, पिशवी नसेल तर दुसऱ्या दिवशी त्याचा लगदा. त्याच कागदावर घरचा एक नंबर, रक्तगट आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं. हे सगळं फोनमध्ये आहे हो म्हणणाऱ्यांचाच फोन आधी जातो असा माझा अनुभव.

सोनं घरी ठेवा. याच्यावर वाद नको. सासूबाईंना मी तीन वर्षं सांगत होते की मणीमंगळसूत्र काळ्या दोऱ्यात ओवून घ्या, त्या म्हणायच्या विठ्ठलाच्या दारी मोकळ्या गळ्याने कशी जाऊ. शेवटी आमच्याच दिंडीतल्या एकीची पोत पुण्यात पादुकांचं दर्शन घेताना गेली, तेव्हा कुठे पटलं. चोरी होते ती बहुतेक वेळा तिथेच, रथाजवळ, कारण तिथे तुमचे दोन्ही हात वर असतात, नजर पादुकांवर असते आणि मागून लोटणाऱ्यांतले चार जण मुद्दाम लोटणारे असतात. पोलीसही साध्या वेशात, टोपी-गंध लावून वारकऱ्यांत मिसळलेले असतात आणि दरवर्षी अशा टोळ्या पकडतात, पण गर्दीच एवढी असते की त्यांच्या भरवशावर गळ्यात चार तोळे घालून फिरायचं हे काही खरं नाही. पैसे तीन ठिकाणी वाटून ठेवा, रोजच्या चहापाण्याचे वरच्या खिशात, बाकीचे आत. फोन पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवू नका, चार्जिंगला लावून कीर्तनाला जाऊ नका. फोनचा आयएमईआय नंबर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून काढा आणि त्या कागदाच्या मागे लिहा, पुढे सांगते कशाला ते.

आता रस्त्याबद्दल, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये कार्तिकीनंतर आळंदीला निघालेल्या दिंडीत दिवेघाटात ब्रेक निकामी झालेला जेसीबी घुसला आणि दोघं गेले. ३१ ऑक्टोबर २०२२ ला कार्तिकीसाठी पंढरपूरला निघालेल्या दिंडीत सांगोल्याजवळ जुनोनीपाशी संध्याकाळच्या वेळी भरधाव मोटार घुसली, सात जण गेले. दोन्ही वेळा कार्तिकीचे दिवस होते. आषाढीला रस्ताच्या रस्ता बंद ठेवतात, कार्तिकीला गावोगावच्या छोट्या दिंड्या चालू वाहतुकीतून चाललेल्या असतात. आणि आता पालखी मार्ग म्हणून ९६५ नंबरचा हायवे बराचसा चौपदरी झालाय, चालायला ऐसपैस झालं हे खरं पण गाड्यांचा वेगही तेवढाच वाढलाय.

तर छोटी दिंडी काढणार असाल तर निघायच्या पंधरा दिवस आधी आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात आणि रस्त्यात लागणाऱ्या प्रत्येक ठाण्यात साधा अर्ज द्या, त्यात तारखा, रोजचा रस्ता, मुक्कामाची गावं, माणसं किती, सोबत गाडी कुठली आणि दोन मोबाईल नंबर. पोच घ्यायला विसरू नका. मोठ्या पालखीसारखा बंदोबस्त मिळणार नाही हे धरूनच चला, पण ठाण्याला माहिती असली की रात्रीची गस्तीची गाडी एखादी चक्कर तुमच्या मुक्कामाकडे टाकते, घाटात तासभर माणूस उभा करतात. मागितलंच नाही तर कोण देणार?

चालताना सगळ्यात मागे आपला टेम्पो ठेवायचा, चारी इंडिकेटर चालू, आणि टेम्पोच्याही मागे कोणी चालायचं नाही. लोक नेमकं हेच मोडतात, कोणी चप्पल बांधायला थांबतं कोणी लघवीला जातं आणि मग एकटंच अंधारात मागून येत राहतं. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात ते चमकणारं रिफ्लेक्टरचं जाकीट हवंच, बाकीच्यांनी पिशवीवर चमकणारी पट्टी चिकटवली तरी चालेल. पांढरे कपडे अंधारात दिसतात असं आपल्याला वाटतं, पण पावसात, समोरच्या गाडीचा हेडलाईट डोळ्यावर असताना ड्रायव्हरला काही दिसत नाही, कधी रात्री गाडी चालवली असेल तर आठवून बघा. एकटेदुकटे असाल तर रस्त्याच्या उजव्या कडेने चाला म्हणजे येणारी गाडी समोरून दिसते. हेडफोन नको. आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोचायचं, अजून तीन किलोमीटरच तर राहिलंय असं म्हणत अंधार करायचा नाही.

चुकामूक होणारच, ती होणार असं धरूनच चाला. सकाळी निघताना ठरवून टाकायचं की चुकलो तर दुपारच्या विसाव्याला अमुक ठिकाणी आणि तिथे नाही जमलं तर रात्री तळावर आपल्या ट्रकपाशी. फोन लागेल या भरवशावर राहू नका, लाखो माणसं एका टॉवरवर आली की फोन लागत नाही, अशा वेळी साधा एसएमएस टाका, तो बऱ्याचदा जातो. संध्याकाळी तळावर समाजआरतीला, म्हणजे सगळ्या दिंड्या जमून होणाऱ्या आरतीला जा. तिथे चोपदार, म्हणजे सोहळ्याला शिस्त लावणारे मानकरी, हरवलेल्या सापडलेल्याची माहिती पुकारतात, आणि चोपदाराने हातातला दंड वर केला की एवढा मोठा समाज कसा क्षणात गप्प होतो ते तरी एकदा बघाच. जवळच पोलीस मदत केंद्र असतं, तिथेही नाव नोंदवा. लहान मूल किंवा विसराळू म्हातारं माणूस सोबत असेल तर रोज सकाळी त्यांचा त्या दिवशीच्या कपड्यात एक फोटो काढून ठेवा, पोलिसाला घरातल्या लग्नातला फोटो दाखवून उपयोग नसतो. मुलांसाठी १०९८ हा नंबर आहे.

११२ लावायची वेळ आली तर एक लक्षात घ्या, तो फोन जवळच्या ठाण्यात वाजत नाही, राज्याच्या कंट्रोल रूमला लागतो आणि तिथून जवळच्या गाडीला निरोप जातो. समोरच्याला लोणंद आणि तरडगावातलं अंतर माहीत असेल असं नाही. म्हणून घाबरून इथे लवकर या इथे लवकर या करत बसू नका. कुठल्या दोन गावांच्या मध्ये आहात, तोंड कुठल्या गावाकडे आहे, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पेट्रोल पंप किंवा दुकानाची पाटी, काय झालंय आणि माणसं किती, या क्रमाने सांगा आणि ते ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. कोणाला चक्कर आली, छातीत दुखलं तर १०८ ला सरळ ॲम्ब्युलन्स मागता येते.

बायकांसाठी थोडं वेगळं. पहाटे शौचाला कधीच एकटं जायचं नाही, मग शेजारणीची झोपमोड झाली तरी चालेल, तिघी मिळून जा, टॉर्च आणि काठी घेऊन. रस्त्यात घरी चला, आंघोळीची सोय करतो म्हणणारे खूप भेटतात आणि त्यातले बहुतेक खरोखर भले असतात, मी स्वतः फलटणला अनोळखी घरात पुरणपोळी खाल्लेली आहे, पण अशा घरी एकटीने न जाता गटाने जायचं आणि दिंडीत कोणाला तरी सांगून. गर्दीत कोणी नको तिथे हात लावला तर गप्प बसून बाजूला सरकू नका. वारीत सगळेच एकमेकांना माऊली म्हणतात, तसंच मोठ्याने ओरडायचं, ओ माऊली हात मागे घ्या! आजूबाजूची वीस माणसं वळून बघतात आणि तो पळतो. तोच माणूस पुन्हा दिसला तर विणेकऱ्याला किंवा दिंडीचालकाला सांगा, निर्भया पथकातल्या महिला पोलीस तळावर असतात त्यांना दाखवून द्या. महिलांची हेल्पलाईन १८१.

आता तक्रारीचं. चोरी झाली पुण्यात आणि कळलं सासवडला, हे वारीत रोजचंच. आमच्या दिंडीतल्या त्या पोतीच्या वेळी एका ठाण्यात सांगितलं की ही हद्द आमची नाही, मागे जा. माणूस मागे गेला तर वारी सुटते, म्हणून बरेच जण सोडून देतात. सोडू नका. १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती घ्यावी लागते, यालाच झिरो एफआयआर म्हणतात, पुढे तो कागद ते आपसात योग्य ठाण्याला पाठवतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच घेतली तर एसपींना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवता येते, आवाज न चढवता एवढं म्हणलं तरी पुष्कळदा काम होतं. रात्रभर बंदोबस्त करून दमलेला माणूस समोर असतो हेही ध्यानात ठेवा.

आणि अर्जात शब्द जपून वापरा. ओढून नेली असेल तर ओढून नेली असंच लिहा. गहाळ झाली असं लिहिलंत किंवा कोणी तुमच्याकडून लिहून घेतलं तर तो गुन्हाच होत नाही, तपास कसला होणार. फोन गेला असेल तर आधी सिम बंद करा, बँकेला कळवा, मग तक्रारीची प्रत आणि तो कागदावरचा आयएमईआय घेऊन संचार साथी पोर्टलवर फोन ब्लॉक करता येतो. खात्यातून पैसे गेले तर लगेच १९३०, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

पंढरपूरच्या अलीकडे वाखरी लागतं, त्याच्या पुढे सगळ्या पालख्या एकत्र येतात, तिथून चेंगरायला सुरुवात होते. गर्दी लोटायला लागली तर दोन्ही हात छातीसमोर धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, लोंढ्याच्या उलट जाऊ नका, त्याच्याबरोबर चालत चालत तिरकं कडेला सरका. चप्पल पडली तर पडू द्या, वाकायचं नाही. चंद्रभागेत पोहायला येत असेल तरी कमरेच्या वर पाण्यात जाऊ नका, वाळू उपसून तळाला खड्डे झालेत आणि उजनी धरणातून पाणी सोडलं की कालचा उथळ घाट आज उथळ राहत नाही. दोर बांधलेला असेल, जीवरक्षकांची बोट दिसत असेल तिथेच बुडी मारा.

परतीला लोक सगळ्यात बेसावध असतात. अठरा-वीस दिवस चाललेलं अंग, पंढरपूरच्या एसटी स्टँडवर तोबा गर्दी, बसच्या दारात चढताना पाकिटं जातात. आणि सामानाच्या ट्रकवर, ताडपत्रीवर बसून रात्री परत येणं बंद करा, त्या ड्रायव्हरची पण वारी झालेली असते, त्यालाही झोप झालेली नसते. आमच्या दिंडीत आता ठरवूनच टाकलंय, ट्रक द्वादशीला दुपारी उजेडात निघतो, ड्रायव्हर आदल्या रात्री जागरणाला बसत नाही आणि माणसं एसटीने जातात.