सुपरचार्जरचा बायपास व्हॉल्व्ह: विकत घेण्याआधी व्हॅक्यूम मोजा

सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) लावलेल्या रेस कारसाठी बायपास व्हॉल्व्ह घ्यायचा म्हटलं की बरेच जण टर्बोचा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) उचलून आणतात. घोळ तिथेच होतो. टर्बो एक्झॉस्टच्या जोरावर फिरतो, आयडलला (इंजिन चालू, ॲक्सिलरेटरवर पाय नाही) तो हवा जवळजवळ दाबतच नाही, म्हणून त्याचा व्हॉल्व्ह तेव्हा बंद राहिला तरी चालतं. सुपरचार्जर मात्र बेल्टने क्रँकला जोडलेला असतो. इंजिन फिरतंय तोवर तो हवा ढकलत राहतो. त्या हवेला परत फिरायला वाट नसेल तर ती उगाच दाबली जाते, तापते आणि इंजिनाची ताकद खाते. मे महिन्यात नागपुरात बाहेरची हवाच ४५ अंशांची असते, त्यात ही भर परवडत नाही. म्हणून आपल्याला लागतो तो व्हॉल्व्ह आयडलला पूर्ण उघडा आणि बूस्टला (सुपरचार्जर हवा दाबून भरतो तेव्हा) घट्ट बंद.

आधी सुपरचार्जर कोणता ते बघा. सेंट्रिफ्युगल प्रकारात थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) बहुधा सुपरचार्जरनंतर येतो, तेव्हा व्हॉल्व्ह या दोघांच्या मधल्या पाइपवर बसतो. रूट्स किंवा ट्विन-स्क्रू प्रकारात थ्रॉटल बहुधा आधी असतो, आणि बायपास सुपरचार्जरची बाहेरची बाजू आतल्या बाजूला जोडतो. यातल्या अनेकांत तो मुळातच बसवलेला येतो. तो आधी तपासा, मगच खर्च करा.

आता खरं काम. हा व्हॉल्व्ह इंजिनाच्या व्हॅक्यूमने स्प्रिंगविरुद्ध उघडतो, म्हणून आधी तोच मोजायचा. इंजिन गरम करा, थ्रॉटलनंतरच्या मॅनिफोल्डवर (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांवर) व्हॅक्यूम गेज लावा आणि आयडलचा आकडा लिहून ठेवा. धडधाकट स्टॉक पेट्रोल इंजिन समुद्रसपाटीला साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवतं. नागपूर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे एखादा इंच कमीच मिळेल. रेसचा कॅम (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) असेल तर आकडा बराच घसरतो, कधी १० इंचही मिळत नाहीत. कडक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह अशा इंजिनावर उघडतच नाही, मग तो कितीही महागाचा असो. दुकानातच हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप लावून बघा (ब्रेकची हवा काढायला वापरतात तो चालतो). आयडलला १२ इंच मिळत असतील तर व्हॉल्व्ह ८ इंचांच्या आसपास पूर्ण उघडलेला असला पाहिजे. माझ्या मते व्हॉल्व्हच्या नावापेक्षा ही एक चाचणी मोलाची आहे.

सेंट्रिफ्युगलला आकारही तितकाच महत्त्वाचा. १.६ लिटरचं इंजिन ७,००० आरपीएमला मिनिटाला सुमारे ५,६०० लिटर हवा ओढतं. अर्धा बार बूस्ट धरला तर साधारण ८,४००. वळणाआधी पाय उचलला की ही सगळी हवा व्हॉल्व्हमधूनच जायची असते. २५ मिमीच्या तोंडातून जाताना तिचा वेग सेकंदाला २८० मीटरच्या घरात पोचतो, म्हणजे तोंड चोंदलंच समजा. ३८ मिमीच्या तोंडाचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त. तोंड अपुरं पडलं तर हवा उलटी फिरते, फडफड ऐकू येते आणि मार सुपरचार्जरच्या पंख्यावर (इम्पेलर) आणि बेअरिंगवर बसतो.

एअरफ्लो सेन्सर सुपरचार्जरच्या आधी असेल तर हवा बाहेर सोडू नका. सेन्सर आणि सुपरचार्जर यांच्यामध्ये परत आणा, नाहीतर मोजलेली हवा बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) आणि आयडल हलतो. इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा) असेल तर हवा त्याच्यानंतर घ्या, म्हणजे थंड झालेली हवाच परत फिरेल. मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) चालणाऱ्या ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) बाहेर सोडणं चालतं, पण व्हॉल्व्ह आयडलला उघडा असतो, म्हणून त्याच्या तोंडावर छोटा फिल्टर लावाच. धूळ आपल्याकडे कमी नाही.

फ्लँज लेथवर बनवून घेताना पाइपचा आतला व्यास मोजून द्या. व्हॅक्यूमची नळी मॅनिफोल्डवरून स्वतंत्र घ्या. बूस्ट गेजच्या किंवा फ्युएल रेग्युलेटरच्या नळीला टी मारू नका, सिग्नल उशिरा पोचतो.

हे सगळं फक्त ट्रॅकच्या गाडीसाठी. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. ट्रॅकवरून आल्यावर इंजिन थंड होऊ द्या, नळी काढून पंपाने पुन्हा तेवढाच व्हॅक्यूम द्या आणि मिनिटभर थांबा. काटा उतरला तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला लवचिक पडदा) फाटलाय.