गोवा बघायचा कसा: एका बेदाणेवाल्याचा सल्ला

मार्केट यार्डात सौदे उरकले की कुणीतरी विचारतंच, "गोव्याला निघालोय, काय काय बघू?" मी किनारा शेवटी ठेवायला सांगतो. आपण व्यापारी माणसं. तिथं पैसा कुठून येतो ते आधी बघावं.

मिरजेहून गोवा एक्सप्रेस धरा. जाताना घाट अंधारात जातो, तेव्हा बिनधास्त झोपा. परतीला ती वास्कोहून दुपारी सुटते. कुळें मागं पडलं की खिडकीला बसा, दूधसागर दिसतो. पावसाळ्यात गेलात तर शिंतोडे डब्यात येतात.

पहिल्या दिवशी रायबंदरहून चोडणची फेरीबोट घ्या. पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. पलीकडं सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, पण मी ते नदीसाठी सांगतोय. याच मांडवीतून बार्ज भरभरून लोखंडाची माती मुरगाव बंदराला जायची. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ८८ खाणपट्टे रद्द केले. डिचोली, सांगे भागातल्या ट्रकवाल्यांचं काय झालं असेल, हे उसाच्या ट्रॅक्टरचे हप्ते फेडणाऱ्याला सांगायला नको. खाली पणजीला मात्र कॅसिनोची जहाजं रात्रभर झगमगतात.

फिरायला गाडी भाड्यानं घ्याल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी, स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवलं की वाचलेले पैसे तिथंच जातात.

शुक्रवार म्हापशाच्या बाजारासाठी राखून ठेवा. आपल्याकडं शेडवर बेदाणा वाळत असतो, त्याच दिवसांत तिकडं काजूची बोंडं पडतात. बोंडाच्या रसाची पहिल्या धारेची ती हुर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक उन्हाळ्यापुरतीच मिळते. मे महिन्यात गेलात तर 'पुरुमेत' बघा: पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी, आमसूल, चिंच, मिरची यांचे ढीग लागलेले असतात. भाजी विचारा, बहुतेक बेळगावची निघेल.

आता काजू. हा माझा प्रांत, आणि इथंच मी फसलो होतो. पहिल्या खेपेला किनाऱ्याजवळच्या एका दुकानातून बंद पाकिटातला दोन किलो घेतला, घरी फोडला तर खवट. बायको अजून पाहुण्यांना सांगते, "ह्यांना ड्रायफ्रूटमधलं कळतं बरं का!" तेव्हा उघडा माल घ्या. एक दाणा चावा, कडक तुटला पाहिजे; तेलकट वास आला तर पुढचं दुकान. 'गोव्याचा काजू' म्हटला तरी बी कुठली ते विचारा, कारण बरीच कच्ची बी आफ्रिकेतून येते आणि इथं नुसती सोलली जाते. सालीसकट भाजलेला घेतलात तर उत्तम.

मासे खायचेच असतील तर जून-जुलै टाळा. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरना बंदी असते, ताटात येतो तो बहुधा बर्फातला. किनाऱ्याला शेवटची संध्याकाळ पुरे; दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आहेच.