मोटरहोमच्या टपावर टीव्हीची छत्री कशी बसवावी

गच्चीवरचा तो माशाच्या काट्यासारखा जुना अँटेना माळ्यावर पडला असेल, तर पडूनच राहू द्या. "वजनाला हलका आहे, टपावर तोच लावू का?" असं मला अजूनही विचारलं जातं. नका लावू. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, आणि त्यानंतरची कित्येक वर्षं कोकणातल्या पोरांनी कौलांवर चढून तो काटा फिरवण्यात घालवली. पण दूरदर्शनने आपली जुनी अ‍ॅनालॉग प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत जवळजवळ सगळी बंद केली. रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्या काट्याला लागेल असं हवेत आता काही नाही.

म्हणजे छत्रीच हवी. "मोबाइलवर बघू की" म्हणणाऱ्याने एकदा आंबोळगडच्या बाजूला किंवा एखाद्या खाडीकाठच्या वाडीत संध्याकाळ काढून बघावी, मग बोलावं.

माझं मत विचाराल तर डीडी फ्री डिश. महिन्याचे पैसे नाहीत, रिचार्ज संपला म्हणून ऐन वेळी पडदा काळा होत नाही, आणि बातम्यांना सह्याद्री मिळतं. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. आज ती ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते. पैसे भरूनच टीव्ही बघायचा असेल तर खुशाल बघा, पण आपला उपग्रह कुठे आहे तेवढं वहीत लिहून ठेवा: टाटा प्ले ८३ अंश, डिश टीव्ही ९५, एअरटेल १०८.२. यातला ९५ चा आकडा लक्षात असू द्या, तो पुढे त्रास देणार आहे.

आकार ६० सेंटिमीटर. त्याहून लहान घेतलीत तर आषाढातल्या पहिल्या सरीला चित्र गोठेल. ९० ची घेतलीत तर पावसात बरी चालेल, पण टपावर आडवी टाकल्यावर तिला वारा धरतो. घुमटातली स्वयंचलित छत्री दिसायला झकास आणि किमतीलाही झकास. आतली ताटली मात्र बहुधा ६० हून लहान असते. घ्यायचीच असेल तर पैसे देण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: हिच्या मेमरीत ९३.५ अंश पूर्व आहे का? "सगळे उपग्रह येतात" हे त्याचं उत्तर नाही.

बैठक

टपावर छत्री कायमची उभी ठोकू नका. खाली एक पट्टी टपाला पक्की, तिच्यावर दुसरी पट्टी तीन लांब बोल्टांवर, आणि त्या वरच्या पट्टीवर बिजागरीने आडवा पडणारा पाइप, अशी बैठक गावातल्या कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. तीन बोल्ट कशाला, असं तो विचारेल. तुम्हीही विचाराल. उत्तर खाली येतंय. पाइपचं माप छत्रीच्या क्लॅम्पवरून ठरवा, अंदाजाने नको. बोल्ट स्टेनलेसचे, आणि मिळाले तर ३१६ ग्रेडचे. ३०४ ग्रेडला किनाऱ्यावर वर्षभरात चहाचे डाग पडल्यासारखा तांबूसपणा येतो. साधे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले, स्क्रू तर एका पावसाळ्याचे धनी.

जागा मागच्या शिडीजवळ निवडा, म्हणजे छत्री हाताला येईल आणि टपावर नाचावं लागणार नाही. आतल्या लोखंडी कमानीवर पट्टी बसली तर उत्तम. सोलर पॅनलवर छत्रीची सावली पडू देऊ नका. कोपऱ्यावर पडलेली सावलीसुद्धा पॅनलची वीज सोबतीने घेऊन जाते.

भोकं पाडायची ती मे महिन्यात, पाऊस लांब असताना. घराची कौलं आपण ज्या हिशेबाने शाकारतो त्याच हिशेबाने. पत्र्याचं टप असेल तर भोकाच्या कापलेल्या कडेला झिंक प्रायमर लावून तो सुकू द्या. फायबरचं असेल तर आत फोम असतो आणि नट आवळला की टप दबतं, म्हणून भोकात धातूची नळी घालून तिच्यावर बोल्टाचा दाब घ्या. दोन्हीकडे आतल्या बाजूने तळहाताएवढी पट्टी द्या, नुसता वॉशर पुरत नाही. बाहेरून पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारख्या वासाचं स्वस्त सिलिकॉन न्हाणीघरासाठी ठेवा. ते सुकताना आम्ल सोडतं आणि तुमचाच पत्रा खातं. केबल आत घ्यायला ग्लँड, म्हणजे केबलभोवती घट्ट बसणारी पाणीबंद टोपी, लावा, तिचं तोंड गाडीच्या मागच्या दिशेला ठेवा आणि आत जाण्याआधी केबलला एक झोका द्या, म्हणजे पाणी झोक्याच्या तळाशी टपकेल, गाद्यांवर नाही.

केबल आरजी-६ (डिशची नेहमीची जाड केबल), कनेक्टर घट्ट, वर रबरी सेल्फ-बाँडिंग टेप. सेट-टॉप बॉक्स चालू असताना कनेक्टर जोडू नका. त्या केबलमधून एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांडीवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. बॉक्सच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर तो गाडीच्या बॅटरीवर चालतो, पण मध्ये १२ व्होल्टचा स्थिरकारक घाला, कारण इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं.

खांब ओळंब्यात

आता खरं दुखणं. वरचं सगळं कुणालाही जमतं. उपग्रह सापडत नाही, आणि लोक छत्रीला, बॉक्सला, हवामानाला, शेवटी बायकोला दोष देतात.

माझा पहिला प्रयत्न वेळणेश्वरला झाला. क्रिकेटचा सामना होता. समुद्र दिसावा म्हणून गाडी नाक खाली करून लावली होती. क्लॅम्पवरच्या पट्टीवर उंचीचा कोन, म्हणजे छत्री किती वर बघते तो, बरोबर ५९ अंश लावला आणि छत्री आग्नेयेकडे डावी-उजवी फिरवत बसलो. तासभर काही नाही. मग कोन ६२ करून बघितला, ५५ करून बघितला, ५० करून बघितला. डास वेगळेच. अडीच तासांनी पलीकडच्या वाडीतले एक गवंडीकाका विडी ओढत आले, थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "सायेब, खांब वळंब्यात नाय तुमचा." त्यांना उपग्रहातलं काही कळत नव्हतं. भिंतीतलं कळत होतं.

झालं होतं असं. क्लॅम्पवरचे अंश पाइप सरळ उभा आहे असं धरून छापलेले असतात. गाडी चार अंश कलली की पाइप चार अंश कलतो. छत्री फिरवाल तशी तिची खरी उंची बदलत जाते, एका बाजूला चार अंश जास्त, दुसऱ्या बाजूला चार अंश कमी. आणि ६० सेंटिमीटरची छत्री आभाळाचा जेमतेम तीन अंशांचा तुकडा बघते. म्हणजे तुम्ही ज्या रेषेवर शोधताय ती उपग्रहाच्या वरून किंवा खालून निघून जाते. रात्रभर फिरवा, भेट होणार नाही. घराच्या गच्चीवर ही भानगड नसते, म्हणून घरी डिश बसवणाऱ्या पोराला तुमची अडचण कळतच नाही. तो म्हणतो, "अंदाजाने फिरवा, येतं." त्याचं येतं, कारण त्याचा खांब भिंतीला ठोकलेला आहे.

म्हणून ते तीन बोल्ट. गाडी थांबली, हँडब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, की पाइप उभा करा, दोरीचा ओळंबा सोडा आणि नट फिरवून पाइप सरळ करा. ओळंबा एका बाजूने जुळला म्हणून खूश होऊ नका. नव्वद अंश फिरून दुसऱ्या बाजूनेही बघा. वारा असेल तर ओळंब्याऐवजी पाइपला चिकटवायची छोटी लेव्हल घ्या. मोबाइलमधली लेव्हल मला पसंत नाही. कव्हरचा उंचवटा आणि गोल पाइप यांचं जमत नाही. या कामाला पाच मिनिटं लागतात, आणि ती वाचवायला जाणाऱ्याची संध्याकाळ जाते.

खांब सरळ झाला की शोध एकाच दिशेत उरतो. फ्री डिशच्या ९३.५ साठी उंचीचा कोन अलिबागला ५८, रत्नागिरीला साडेएकोणसाठ, वेंगुर्ल्याला साडेसाठ. दिशा उत्तरेपासून मोजून अलिबागला १३०, रत्नागिरीला साडेएकशेअठ्ठावीस, वेंगुर्ल्याला १२७ अंश. अख्ख्या किनाऱ्यात फरक जेमतेम तीन अंशांचा. सोप्या भाषेत, समुद्राला पाठ करून उभे राहा आणि जरा उजवीकडे वळा. होकायंत्र टपावर ठेवून बघू नका. लोखंडी टप त्याला काहीही सांगायला लावतं. दहा पावलं लांब जाऊन दिशा घ्या, त्या रेषेतलं एखादं झाड किंवा देवळाचा कळस हेरून ठेवा आणि वर येऊन त्याच्यावर नेम धरा.

माडांचं बघा. कोन एवढा उभा असल्यामुळे सह्याद्री आड येत नाही, माड येतो. टपाच्या वर माडाची जेवढी उंची असेल तिच्या साठ टक्के अंतर तरी त्या दिशेला मोकळं पाहिजे. पन्नास फुटी माड आणि दहा फूट उंच टप, म्हणजे चोवीस फूट. तसंही माडाखाली गाडी लावणाऱ्याला टीव्हीपेक्षा नारळाची काळजी जास्त असायला हवी.

फ्री डिशसाठी बॉक्समध्ये एलएनबी युनिव्हर्सल, ९७५०-१०६००, आणि फ्रीक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिंबल रेट २९५०० निवडा. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथच्या पट्टीवर कागद चिकटवा. खरंच चिकटवा. केबल जोडली आणि एलएनबी जिवंत असला की छत्री भिंतीकडे असली तरी ती पट्टी भरते. वेळणेश्वरला ती ८० टक्के दाखवत होती आणि मी आनंदात होतो. बघायची ती फक्त क्वालिटी.

आता क्लॅम्प एवढा सैल करा की छत्री फिरेल पण वाऱ्याने हलणार नाही. ११५ अंशांपासून सुरुवात करून बोटभर सरकवा आणि थांबा. मनात पाच मोजा. बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो, आणि सरसर फिरवणाऱ्याच्या हातून उपग्रह निसटतो. १४५ पर्यंत काही आलं नाही तर उंची एक अंश वाढवून उलट या, मग एक अंश कमी करून पुन्हा.

क्वालिटी हलत नाही पण कागद उचलून बघितला तर एखाद्या जागी स्ट्रेंथ मात्र थोडी वाढते, असं होत असेल तर तुम्ही बहुतेक शेजाऱ्याच्या दारात आहात. ९५ अंशांवरचा उपग्रह आपल्यापासून फक्त दीड अंश आहे. तो पूर्वेच्या बाजूला, म्हणून छत्री किंचित दक्षिणेकडे सरकवा. किंचित म्हणजे अर्ध्या बोटाने, हातभर नव्हे.

क्वालिटी आली की लगेच आवळू नका. छत्री डावीकडे नेत ती कुठे पडते तिथे पाइपवर पेन्सिलची खूण, उजवीकडे पडते तिथे दुसरी. छत्री बरोबर मध्ये आणा. उंचीचंही तसंच. मग एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू पिळा. उपग्रह आपल्या सरळ दक्षिणेला नाही, त्यामुळे त्याच्या लहरी आपल्याला तिरप्या मिळतात आणि एलएनबीही तिरका लागतो. या पिळण्यातून मिळालेली क्वालिटी पावसात कामाला येते. त्यानंतर नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. एकच नट पूर्ण आवळलात तर छत्री त्या बाजूला ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात.

उंचीच्या जागी आणि एलएनबीच्या पकडीवर ऑइलपेंटची खूण करून ठेवा. पुढच्या मुक्कामाला ओळंबा आणि दिशा एवढंच काम राहील. मला आता पंधरा मिनिटं लागतात, आणि त्यातली पाच ओळंब्याची.

निघताना

छत्री आडवी करून पट्ट्याने बांधा. गाडीच्या किल्लीला "छत्री" लिहिलेली चिठ्ठी अडकवा. मी ही चिठ्ठी हेदवीच्या अलीकडे एका फणसाच्या फांदीकडून शिकलो. दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळच्या फेरीबोटीवर चढण्याआधी एकदा उतरून वर बघा. खाडीच्या मध्यावर वारा असतो आणि तिथे उतरून टपावर चढायची सोय नसते. वाडीतून जाताना रस्त्यावरून आडव्या गेलेल्या विजेच्या सर्व्हिस वायरींकडे लक्ष ठेवा. अशा वायरीखाली पाइप उभा करायचाच नाही, टीव्ही राहू दे.

मेच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की पाइप पाडा आणि केबल बॉक्समधून काढा. फेरी संपवून घरी आलात की छत्री, एलएनबीचं तोंड आणि बोल्ट गोड्या पाण्याने धुवा. एलएनबीच्या तोंडावरच्या टोपीला चीर गेली असेल तर एलएनबीच बदला. तिच्यावर टेप लावून भागत नाही, मी लावून बघितली आहे.