जबड्याचं ऑपरेशन आयुष्मान योजनेत (सरकारची मोफत उपचार योजना) बसवलं, माझा अनुभव

खानापूरजवळ मामा दुचाकीवरून पडले, खालचा जबडा मोडला. बेळगावात एका दवाखान्याच्या काउंटरवर सांगितलं, "दातांचं आयुष्मानमध्ये होत नाही."

हे अर्धंच खरं. दात काढणं, सिमेंट भरणं, रूट कॅनॉल हे बाह्यरुग्ण उपचार, ते योजनेत नाहीत. जबड्याचं फ्रॅक्चर मात्र शस्त्रक्रियेच्या पॅकेजात आहे. मी आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस) गाठलं, बीपीएल रेशनकार्ड, आधार, एक्स-रे दिले आणि जबड्याच्या फ्रॅक्चरसाठी पूर्वमंजुरी मागायला लावली. एरवी कर्नाटकात सरकारी दवाखान्याचं रेफरल, म्हणजे पुढे पाठवल्याची चिठ्ठी, लागतं. तातडीची केस म्हणून ते लागलं नाही.

प्लेट बसली, बिल शून्य. बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण असूनही आपली माणसं काउंटरवरूनच परत फिरतात, याचं फार वाईट वाटतं. आरोग्यमित्राला भेटल्याशिवाय पैसे भरू नका. पडलेले दात मात्र मामांनी स्वखर्चानेच बसवले.