समाजमंदिराचा एकच हॉल, तीन पाळ्या

वॉर्डातलं समाजमंदिर बहुतेक वेळा बारशा-साखरपुड्यांपुरतंच उघडतं. ते रोज चालवायचं तर आधी किल्लीचा प्रश्न सोडवा. किल्ली एकाकडेच असली की तो गावाला गेला, हॉल बंद. तीन किल्ल्या करा, प्रत्येक पाळीला एक.

सकाळी ७ ते १० ज्येष्ठ नागरिक. खुर्च्या हाताच्याच घ्या. गुडघेदुखीवाल्यांना उठताना आधार लागतो. सतरंजीच्या दुमडलेल्या कडेत पाय अडकतो, या वेळात ती गुंडाळून ठेवा. रक्तदाब जिना चढून आल्या आल्या मोजू नका, आकडा वाढीव येतो. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसवा, हात छातीच्या पातळीत. मिनिटभराने पुन्हा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. भिंतीवर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ ठळक अक्षरांत लावा.

दुपारी बचत गट. हिशेब बैठकीतच मोठ्याने वाचावा. ‘उद्या लिहू’ म्हटलं की घोळ झालाच.

संध्याकाळी अभ्यासिका, आणि खरी भांडणं इथंच. कॅरम आणि दहावीची मुलं एका खोलीत नांदत नाहीत. कॅरम व्हरांड्यात न्या, पण रात्री बोर्ड ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका. फळी वाकते आणि सोंगट्या वाकड्या पळतात. ट्यूबलाइट मुलांच्या पाठीमागे आली तर वहीवर त्यांचीच सावली पडते, टेबलं फिरवा. दप्तर ठेवून जागा अडवणाऱ्यांसाठी नियम पाटीवरच लिहा: अर्धा तास जागा रिकामी, की दुसऱ्याला दिली.