मे-जूनमध्ये गडावर जाताय? ऊन आणि वळवाच्या विजा कशा सांभाळायच्या

मे लागला की ग्रुपवर एकच विषय, या रविवारी कुठे जायचं. जा, जरूर जा, पण वेळ बघून जा. मे ते मृगाचा पाऊस धरेपर्यंत सह्याद्रीत ऊन आणि वीज या वेगळ्या गोष्टी नसतातच. सकाळपासून कातळ तापतो, तापलेली हवा वर जाते, अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा घाटमाथा चढून तिच्यात मिसळते आणि दुपारी तीन-चारनंतर त्याचाच वळीव होतो. त्यामुळे उपायही दोन्हीवर एकच, पहाटे चार-साडेचारला टॉर्च लावून चढायला लागायचं, अकराच्या आत माथा सोडायचा आणि एकपर्यंत पायथ्याच्या गावात यायचं. उशीर झाला असेल तर अर्ध्यातून परत फिरा, "आता आलोच आहोत तर टॉप करूनच जाऊ" असं कोणी म्हणत असेल तर त्याचं ऐकू नका.

पाणी माणशी चार लिटर तरी घ्याच. मे अखेरीला गडावरची बरीच टाकी आटलेली किंवा शेवाळलेली असतात, त्यांच्या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी गावात फोन करून विचारून घ्या. नुसतं पाणी पीत राहून भागत नाही, घामातून मीठ जातं, म्हणून ओआरएस ठेवा (मोठी पुडी पूर्ण एका लिटरमध्ये, अर्ध्या बाटलीत नाही), नाहीतर लिंबू-मीठ-साखर चालेल. डोकं दुखतंय, मळमळतंय, पायात गोळे येतायत तर लगेच सावलीत बसायचं. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. चढताना झालेल्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो आणि तिथेच लोक फसतात. असेल नसेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला, मान-काखा-जांघा ओल्या ठेवा, शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.

आता ढगांचं. दहा-अकराला आकाशात कापसासारखे छोटे पुंजके दिसले तर इतक्यात भीती नाही, पण ते बघता बघता उंच चढायला लागले की उतरायची वेळ झाली. वरचं टोक सपाट होऊन पसरलं म्हणजे विजेचा ढग तयार झाला. आणि हे लक्षात ठेवा, आपण कड्यावर बसून कोकणाकडे म्हणजे पश्चिमेला बघत असतो आणि वळीव पुष्कळदा पाठीमागून, पूर्वेकडून येतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने मागे वळून बघा. एकदम गार वारा सुटला, धूळ उडाली, मातीचा वास आला तर हाताशी फार थोडी मिनिटं उरलीत.

वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा, तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर उघड्यावर थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप घरूनच टाकून ठेवा, वर रेंज मिळेलच असं नाही.

वर सापडलातच तर माथा, बुरूज, ध्वजस्तंभ, रेलिंग सोडा. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर (शिखर 1646 मीटर, आजूबाजूला त्याहून उंच काहीच नाही) अशा वेळी गर्दी करून अडकणं सगळ्यात वाईट, म्हणून तिथे तर दुपारी जाऊच नका. एकट्या झाडाखाली नको, उथळ कपारीच्या तोंडाशीही नको, वीज कातळावरून वाहत येऊन तिथे उडी मारते. खोल लेणं असेल तर आत मध्ये, भिंतीला न टेकता बसा. काहीच नसेल तर डोंगराची धार सोडून खाली उतरत राहा, एकमेकांत वीस-तीस मीटर अंतर ठेवा म्हणजे एकाला लागलं तरी बाकीचे मदतीला उरतात. केस उभे राहिले किंवा ट्रेकिंग पोलमधून सूंsss आवाज आला तर पोल फेकून तिथल्या तिथे उकिडवं बसा, पाय जुळवून, आडवं पडू नका.

काजवे बघायला भंडारदऱ्याकडे जाणाऱ्यांसाठी खास सांगते, काजव्यांचा सीझन आणि वळवाचा सीझन एकच आहे आणि आपण नेमकं रात्री झाडांखाली उभं असतो. गडगडलं की फोटो सोडून गाडीत, काचा वर करून बसा. पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये नको.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, अंगात करंट राहत नाही. श्वास नसेल तर लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाबायला लागा, मिनिटाला 100 ते 120 वेळा, एकाने दाबत राहायचं आणि दुसऱ्याने 108 लावायचा, दमलात की अदलाबदल करा. मदत येईपर्यंत दाबणं थांबवू नका. बरेच जण यातून वाचतात.